बांधावर झटकलेला पदर

तर काल गोष्ट कुठवर आली होती? मी उत्तमरावाच्या मळ्यात, वांग्याच्या चौथ्या ओळीत उकिडवा बसलो होतो, तिथवर. तेवढ्यात जेवायची हाक आली आणि तुम्ही सगळे उठून गेलात. मी मात्र तेव्हापासून तिथंच बसलोय.

समोर वांगं होतं. हिरवं, अंगावर पांढऱ्या रेघा, देठाला काटे. निखाऱ्यावर भाजलं की लोण्यासारखं व्हायचं, बिया नावाला. तसं वांगं अनसिंगच्या बाजारात माझ्या टोपलीखेरीज कुठंच दिसायचं नाही, कारण ते बी माझ्या मायच्या माहेरचं. आणि त्याच वांग्याची सहा झाडं उत्तमरावाच्या मळ्यात ऐटीत उभी! मी खरं तर नाला ओलांडून पळालेली कालवड आणायला गेलो होतो. कालवड राहिली बाजूला, ती तिकडं उत्तमरावाची मेथी खात होती आणि मी इकडं वांगी मोजत होतो.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी दोन शब्द मागचे. साल चौपन्न की पंचावन्न. तेव्हा वाशीम जिल्हा व्हायचा होता, आमचे कागद अकोल्याला जायचे. मी बावीस वर्षांचा, चौथी पास, लग्न व्हायचं होतं. अनसिंगपासून कोसभरावर आमचा मळा, आणि नाल्याच्या पलीकडे उत्तमरावाचा. दोघांचा माल एकाच बाजारात, दोघांच्या टोपल्या समोरासमोर. माझी मिरची आधी आली की तो बाजारात माझ्याकडे पाठ करून बसायचा. त्याची मेथी कोवळी निघाली की माझ्या घशाखाली भाकर उतरायची नाही. तीन वर्षं बोलणं बंद. कशावरून बंद झालं, ते दोघांनाही धड सांगता आलं नसतं.

आणि या दोन्ही मळ्यांत रोप लावायला येणारी बाई मात्र एकच. गिरजाबाई. मी तिला काकू म्हणायचो. गोष्ट तिची आहे बरं का. वांगं मधे आलं म्हणून आलं.

गिरजाकाकूला बोटभर जमीन नव्हती. होता तो हात. आमच्याकडे हातगुण म्हणतात ना, तसा. तिनं लावलेलं रोप मान टाकत नसे. दुसऱ्या बायका रोप खोचायच्या, ही ठेवायची. मुळी वाकली की रोप जन्मभर वाकडं राहतं, म्हणून दोन बोटांनी मुळी सरळ सोडायची, अंगठ्यानं माती दाबायची, आणि मागं सरकत पुढचं रोप. ओळ अशी निघायची की आमच्या मास्तरांनी पट्टी ठेवून पाहिली असती. हे तिला तिच्या सासूनं शिकवलं. मुळी वाकली की सासू बोटांवर काडी मारायची. काकू हसत सांगायची, "माही सासू गेली, पन अजून बी मुळी वाकली का बोट आपोआप मांगं येते."

नवरा चंपत. तरणा असताना विहिरीचं काम करताना पडला, एक पाय कायमचा अधू झाला. मग घराच्या उंबऱ्याशी बसून अंबाडीचे दोर वळायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायचा. घर चालायचं ते काकूच्या हातावर.

ती कोणाच्या घरची कायमची बाई नव्हती. जो आधी बोलावील त्याच्याकडे आधी. आणि बोलावणं म्हणजे सुपारी. रोप तयार झालं की मळ्याचा धनी तिच्या दारी जाऊन एक सुपारी द्यायचा. ती सुपाऱ्या कोनाड्यात ओळीनं मांडायची, पहिली आलेली डावीकडे. अक्षर ओळखत नव्हती, पण कोणती सुपारी कोणाची, यात तिचा कधी घोळ झाला नाही. फक्त एकदा चंपतनं तंबाखू संपली म्हणून मधलीच एक सुपारी अडकित्त्यात घातली. काकू तीन मळे पायी फिरून विचारत आली, "आमच्या बुढ्यानं खाल्ली थे सुपारी तुमची होती काय?" लोकांनी वर्षभर चंपतला चिडवलं. तो म्हणायचा, "लय गोड लागली गड्या, दुसऱ्याच्या नंबराची होती ना!"

आता मुख्य सांगतो. संध्याकाळी काम संपलं की गिरजाकाकू पाटात हातपाय धुवायची, मग बांधावर उभी राहायची, कमरेला खोचलेला पदर सोडायची आणि चांगला जोरात झटकायची. त्यातून माती पडायची, एखादं पान, कधी चुकून अडकलेलं मिरचीचं बी. झटकून म्हणायची, "तुमचं तुमाले." मग बांध उतरायची. नव्या माणसाला वाटायचं, बाई काही टोणा करते. टोणा कसला! या मळ्यातलं त्या मळ्यात काही न्यायचं नाही, इतकंच होतं ते. मातीही नाही आणि बातमीही नाही.

बातमी काढायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. तोंडाला खळ नव्हती मला.

"काकू, उत्तमरावाच्या मिरचीले फूल आलं काय?"

"मिरचीलेच इचार. तिले तोंड हाय."

"बरं, तो लसनाले खत कोनतं देते?"

"लसून इचारला नाई म्या. तू जाऊन वास घे."

बाकीच्या बायका फिदीफिदी हसायच्या आणि मी मोटेवर जाऊन बैलांवर राग काढायचो. पण एक होतं. माझ्या मळ्यातलंही तिकडं कधी गेलं नाही. एकदा माझा कोबी अळीनं पार चाळण झाला. बाजारात मी ऐटीत सांगितलं, यंदा कोबी लावलाच नाही. काकू शेजारीच उभी होती. उत्तमराव तिच्या तोंडाकडे पाहत होता, आणि ती बोरं निवडत होती.

त्या श्रावणात माझ्या डोक्यात एक शक्कल आली. खण-नारळ घेऊन मी तिच्या घरी गेलो. म्हणालो, "काकू, औंदा तुमी फक्त माह्याच मळ्यात या. उत्तमरावाकडं जाऊ नका. तुमचा हात एकाकडंच पाह्यजे. दोघायले देल्ला तं गुन वाटून जाते."

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "हात काय बैल हाय काय रे, एकाच्याच दावनीले बांधाले?"

उंबऱ्यातून चंपत म्हणाला, "अन् एकाच दावनीले बांधाचाच असन, तं माह्या दावनीले बांधेल हाय ना पह्यलेच!"

"तुमी गप ऱ्हा वो," म्हणत तिनं खण माझ्या हातात परत दिला. "हे ठेव. तुही बायको येईन तवा तिची चोळी शिव. नारळ राहू दे. नारळ देवाले चालते."

असा नारळ गेला आणि बेत फसला. पण सुपारी मात्र माझी पहिली होती, म्हणून वांग्याचं रोप लावायला ती आधी माझ्याकडे आली. नेमका त्याच दिवशी मी मळ्यात नव्हतो. का नव्हतो, तेही ऐकून घ्या.

मला कोणी तरी सांगितलं होतं, शिरपूरला यात्रेकरू फार येतात, देवळापाशी हातोहात माल खपतो. घरात उन्हाळ्याचा कांदा पडून होता. मी दोन पोती मोटारीच्या टपावर चढवली आणि शिरपूर गाठलं. जागा धरली तीही झकास, जैनांच्या देवळाच्या अगदी समोर. सकाळपासून ओरडतोय, "कांदा घ्या, गोड कांदा!" माणसं येतात, बघतात, हसतात, जातात. एक बाई तर नाकाला पदर लावून गेली. दुपारी एक वयस्क शेठजी आले. समोर बसले, एक कांदा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, कांदा तुमचा फस्कलास आहे. पण गिऱ्हाईक चुकलं. आम्ही कांदा खात नाही." मला काय ठाऊक! आमच्या शाळेत हे शिकवलं नव्हतं. त्यांनीच मग मला तांब्याभर पाणी दिलं आणि बाजाराची वाट दाखवली. सगळं खपवता खपवता दोन मुक्काम झाले. परत आलो तोवर वांग्याची लावणी होऊन चुकली होती. मायनं आणि काकूनं मिळून केली. ओळी पाहिल्या, खूश झालो, पुढचं काही विचारलं नाही. पुढं दिवाळीच्या सुमारास माय रिसोडला गेली, माझ्या बहिणीचं बाळंतपण होतं.

आणि मग कार्तिकात ती कालवड पळाली.

उत्तमराव तेव्हा हिवतापानं खाटेला खिळलेला. नाही तर मी तिथल्या तिथंच त्याच्याशी भांडलो असतो आणि गोष्ट तिथंच मिटली असती. मी एक वांगं तोडलं, धोतराच्या सोग्यात बांधलं आणि बाजाराच्या दिवसाची वाट पाहत बसलो.

बाजारात गिरजाकाकू जवसाचं तेल घ्यायला आली होती. हातात बाटली. आजूबाजूला सगळे मळेवाले. मी वांगं काढून तिच्यापुढं धरलं.

"काकू, उत्तमरावाच्या मळ्यात हे कोनं लावलं?"

"म्या लावलं," ती म्हणाली. इतक्या सहज, की मीच चपापलो.

"माह्याच बियाचं हाय ना हे?"

तिनं वांगं हातात घेऊन पाहिलं. "हाव. तुह्याच बियाचं हाय."

"मंग थे तिकडं गेलं कसं?"

"त्या मळ्यातली गोठ त्या मळ्यात, बाप्पा. थे त्यायले इचार."

"त्यायले काय इचारू?" माझा आवाज चढला. "बांधावर उभी राहून पदर झटकते, अन् माहं रोप कमरेले खोचून नेते! चांगला धंदा हाय!"

 चिवडेवाल्यानंसुद्धा हात थांबवला. मला वाटलं ती भांडेल, शिव्या देईल, रडेल तरी. तिनं तेल्याच्या फळीवर बाटली ठेवली, रिकामीच, आणि निघून गेली. ती बाटली त्या फळीवर पुढं कितीतरी दिवस होती. मी दर बाजारी ती पाहायचो आणि दुसरीकडं बघायचो.

आता कांद्याच्या लावणीचे दिवस जवळ आले होते. गिरजाकाकूच्या वर्षातलं सगळ्यात मोठं काम ते. खाटेएवढ्या वाफ्यातसुद्धा शंभरावर रोपं बसतात, मळ्या-मळ्यांत आठ-आठ दिवस. कोनाड्यात त्या वेळी सहा सुपाऱ्या होत्या. पहिली माझी. ती परत आणायला मी स्वतः गेलो. सुपारी देतात, परत कोणी नेत नाही; मी नेली.

ती दारात शेंगा फोडत होती. मी म्हणालो, "माही सुपारी."

ती उठली, हात पुसले, कोनाड्यातली अगदी डावीकडची सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. "घे बाप्पा. हेच हाय तुही."

माझं पाहून आणखी चार जण आले. ज्याच्या-त्याच्या मनात आपल्या मळ्याचं काही तरी होतंच: कोणाचं लसणाचं बी, कोणाची खताची युक्ती. प्रत्येकाला वाटलं, आपलंही गेलं असणार. कोनाड्यात एकच सुपारी उरली, उत्तमरावाची. आणि लोक म्हणाले, "पाहा! पटलं ना आता?" चंपत रिकाम्या कोनाड्याकडे पाहून म्हणाला म्हणे, "मीच खाल्ल्या असत्या तं बरं झालं असतं वं. निदान पोटात तं राह्यल्या असत्या." त्या दिवशी त्याच्या बोलण्यावर कोणी हसलं नाही.

काकू कापूस वेचायला जाऊ लागली. वेचणीत सगळे हात सारखेच. तिथं कोण विचारतो, मुळी सरळ की वाकडी.

मी मनाला समजावत होतो की बरोबर केलं. आणि चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी माय रिसोडहून परत आली.

चंपाषष्ठीला आमच्याकडे खंडोबाला रोडगे आणि वांग्याचं भरीत. चार महिने वांगं वर्ज्य, त्या दिवशी सुटतं. बाजारात वांग्यावर उड्या पडतात. माझ्या टोपल्या भरून तयार होत्या आणि मी फुशारून गेलो होतो. माय चुलीपुढं बसून वांगी भाजत होती.

"कांद्याचं रोप लावाले आलं दिसते," ती म्हणाली. "गिरजाले सुपारी देल्ली ना?"

"देल्ली होती. वापस आनली." आणि मी सगळं सांगितलं. अगदी रंगवून सांगितलं, बाजारात मी काय बोललो ते दोनदा.

मायच्या हातातला चिमटा तसाच राहिला. वांगं निखाऱ्यात फुटलं, त्याचा रस चुरचुरला, तरी तिनं ते उलटलं नाही.

"भैताडा!" ती म्हणाली. "थे रोप म्या ठेवलं बांधावर."

"कायचं रोप?"

"वांग्याचं! लावनी झाली, मूठभर रोप उरलं. गिरजानं इचारलं, हौसाबाई, ह्याचं काय करू? म्या म्हतलं, ओल्या पोत्यात गुंडाळून दे, बांधावर ठेवून देऊ, ज्याले लागन तो नेईन. उरलेलं रोप उकिरड्यावर टाकलं तं मळा रुसते. तुह्या आज्यापासून हेच करून राह्यलो आपन. तुले माहीत नाई?"

माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पण ते मेथीचं, मिरचीचं. माझ्या वांग्याचं कोणी असं करील, हे डोक्यातच आलं नव्हतं.

"पन माय, बी आपलं होतं! आपलं एकट्याचं!"

"आपलं? थे माह्या मायेरचं हाय. माही भावजय मुठीनं बी देते, अन् तू इथं दाने मोजून राह्यला? अन् तुले इचाराले तू होता कुठं? तिकडं देवाच्या दारी कांदे इकत बसला होता!"

वांगं जळून कोळसा झालं होतं. मायनं चूल तशीच सोडली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "चाल."

आधी उत्तमरावाकडं. तीन वर्षांनी मी त्याच्या दारात उभा होतो. तो घोंगडी पांघरून उन्हात बसलेला, ताप नुकताच उतरला होता, गालफडं बसली होती. मायनं त्याला विचारलं.

"हाव," तो म्हणाला. "बांधावर रोप सापडलं. मिरचीचं का वांग्याचं थे पाह्यलं, कोनाचं थे नाई. धन्याचं नाव थोडंच लिहेल राह्यते रोपावर? गिरजाबाईच्या हाती देलं, तिनं लावलं. फळ आलं तवा ओळखू आलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "काहून? काय झालं?"

त्याला काहीच ठाऊक नव्हतं! महिनाभर खाटेवर. माझ्याशी बोलणं नाही, म्हणून मी विचारलं नाही. तापानं फणफणलेल्या माणसाला बाजारातलं कोणी सांगितलं नाही.

मी म्हणालो, "पन गिरजाकाकू तुमच्याकडं येत असन ना? तिनं नाई सांगतलं?"

"परवा येऊन गेली, कांद्याचं रोप पाह्याले. तोंड उतरेल होतं. म्या इचारलं, काय झालं वं? तं म्हने, काई नाई, कापूस टोचला बोटाले."

माझ्या मळ्यातली गोष्ट तिनं तिकडंही नेली नव्हती. स्वतःवर आली तरी नाही.

मी तिथंच, त्याच्या दारातल्या दगडावर बसलो. मला रडू आलं, हे तुम्हाला सांगायला आता लाज नाही. मायनं मला बसू दिलं नाही. "जितक्या लोकांत बोलला, तितक्या लोकांत जाऊन गिळ."

"थांब," उत्तमराव म्हणाला. घोंगडी सावरत उठला. "मी येतो. हा एकटा गेला तं लोकायले वाटन, मायनं पाठोलं म्हून बोलून राह्यला."

"मायनंच पाठोलं हाय," मी म्हणालो.

"म्हूनच मी येतो."

चंपाषष्ठीच्या दिवशी भर बाजारात मी मायसमोर, उत्तमरावासमोर, तेल्यासमोर उभं राहून सांगितलं: रोप माझ्या मायनं बांधावर ठेवलं, यानं उचललं, काकूनं नुसतं लावलं, चूक माझी. लोक हसले, पुष्कळ हसले. मग आम्ही दोघं त्या चार मळ्यांवर गेलो. उत्तमरावाच्या पायात जोर नव्हता, दर बांधावर त्याला टेकावं लागायचं. तो टेकायचा, मी उभा राहायचो, आणि तीन वर्षांचं बोलणं थोडं-थोडं निघायचं. लसणाला खत कोणतं, ते मात्र मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

तीन जणांनी त्याच संध्याकाळी सुपारी नेऊन दिली. चौथा बाबूसिंग. तो ऐकून घेऊन म्हणाला, "असन भाऊ, तुमचं खरं असन. पन मी दुसऱ्या बाया सांगतल्या." त्यानं तिला पुन्हा कधी बोलावलं नाही. ती एक सुपारी मी तिच्या कोनाड्यातून कायमची घालवली, आणि ती परत आणता आली नाही.

सगळ्यांच्या शेवटी मी गेलो. तेल्याच्या फळीवरची बाटली भरून घेतली होती. चंपत उंबऱ्यात दोर वळत होता.

"या वकीलसायेब," तो म्हणाला. "आज कोनाची सुपारी न्याले आले?"

मी सुपारी आणि बाटली उंबऱ्यावर ठेवली. "चुकलो, काकू." एवढंच आलं तोंडातून. वाटेत पुष्कळ जुळवून ठेवलं होतं.

काकूनं बाटली उजेडात धरून पाहिली, आत नेऊन ठेवली. मग सुपारी घेतली, कोनाड्यापाशी गेली आणि ओळीच्या अगदी उजवीकडं मांडली. "पाचवी हाय तुही. चार मळे झाले का येते."

"अन् भिऊ नको," चंपत म्हणाला. "आता मी खात नाई. दात हालून राह्यले."

माझं रोप तोवर वयात आलेलं. दिवस जात होते आणि शेंडे पिवळे पडत होते. पण बोलायला तोंड नव्हतं. उत्तमरावाची सुपारी पहिली, ती कधी हललीच नव्हती, म्हणून ती आधी तिकडं गेली. नाल्याच्या अलीकडून मी पाहायचो. मागं सरकत जाणारी ती, आणि तिच्यापुढं हिरवी सरळ रेघ. दिवस मावळला की बांधावर उभं राहून पदर झटकायची. मला तो झटका ऐकू यायचा.

मग तिसरा मळा झाला, चौथा झाला, आणि एक दिवस सकाळी ती माझ्या बांधावर आली. आधी रोपाकडं पाहिलं, चुकचुकली, शेंडे खुडायला बसली. दुपारी जांभळाखाली आम्ही भाकरी सोडली. मायनं मुद्दाम त्याच वांग्याचं भरीत दिलं होतं. काकूनं चवीनं खाल्लं, बोटं चाटली. त्यानंतर वीस-बावीस वर्षं ती आमच्या मळ्यात येत राहिली, माझ्या बायकोनंसुद्धा मुळी सरळ सोडायला तिच्याकडूनच शिकून घेतलं. पण ही गोष्ट मी तिला विचारली ती त्याच एका दुपारी.

म्हणालो, "काकू, त्या दिवशी बाजारात तुमी नुसतं एवढं म्हतलं असतं का जा, तुह्या मायले इचार, तं सारं मिटलं असतं. कापूस वेचाची पाळी आली नसती. काहून नाई बोलल्या?"

तिनं फडक्याला हात पुसले, भाकरीचं गाठोडं बांधलं आणि म्हणाली:

"काय बोलू, बाप्पा? उत्तमरावानं रोप कुठून आनलं थे तुले सांगतलं असतं, तं उद्या तुह्या मळ्यातलं त्याले सांगा लागलं असतं. अन् तुह्या मायनं बांधावर काय ठेवलं थे तिनंच तुले नाई सांगतलं, तं म्या कायले सांगू? पदर एकडाव झटकला का झटकला. झटकलेली माती कोनी पुन्ना ओटीत भरते काय? ऊठ आता, पानी सोड. तू बोलत बसला अन् रोप सुकून राह्यलं."